रंगूनची वहिनी

१० मार्च १९४२

रंगून पडलं. मोतीलाल मास्तरांनी मधल्या सुट्टीत सांगितलं. ते शिकवतात ड्रॉइंग, पण त्यांच्या मेव्हण्याच्या दुकानात रेडिओ आहे, म्हणून आमच्या शाळेत लढाईचं खातं त्यांच्याकडे. "जपानी रंगून में घुस गए, मास्टर," असं मोठ्यानं म्हणाले आणि एकदम गप्प झाले. माझा मोठा भाऊ तिथं भाताच्या गिरणीत कारकून आहे हे त्यांना मागून आठवलं.

घरी येऊन आईला काही बोललो नाही. तिला आधीच कळलं होतं. देवापुढं बसून होती. धाकट्या बहिणीनं, मंगलानं, खुणेनंच मला सांगितलं, सकाळपासून काही खाल्लेलं नाही.

दादाबद्दल आम्ही लोकांना "वामन तिकडे एकटाच असतो" एवढंच सांगतो. खरं ते या वहीत लिहायला हरकत नाही. पाच वर्षांपूर्वी त्यानं तिकडच्या बर्मी बाईशी लग्न केलं. वडील तेव्हा होते. त्यांनी कळवलं की आता पत्र घालू नकोस. त्यानंतर त्याची पत्रं शाळेच्या पत्त्यावर माझ्या नावानं यायची. मुलगी झाली तेव्हा त्यानं लिहिलं होतं, "दत्तू, नाव तापी ठेवलंय. इथली नदी मोठी आहे, पण आपली नाही." मी उत्तर लिहीन लिहीन म्हणता राहून गेलं.

२० जून

काल दुपारी टांगेवाला दारात ओरडला, "मास्टरसाब, आपके यहाँ चीनी मेहमान आए हैं!" सगळी गल्ली बाहेर आली.

टांग्यात एक बाई आणि तिच्या मांडीवर चार वर्षांची मुलगी. बाई तरी काय, पोरसवदाच. अंगावर कुणीतरी दानात दिलेलं लुगडं, केस कानाशी कापलेले, पायांना फडकी गुंडाळलेली. गोल चेहरा, गालाची हाडं वर आलेली, डोळे बारीक. उतरली, आईसमोर उभी राहिली आणि पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाली, "आई, मी सेन. वामनची." मग मुलीला पुढं केलं. "ही तापी."

"वामन कुठंय?" आईनं विचारलं.

तिनं फक्त मान हलवली. तेवढ्यानं कळलं.

आई उंबऱ्यातच बसली. मग हात लांब करून तिनं मुलीला ओढून घेतलं. मुलगी म्हणजे हुबेहूब दादा. सावळी, तेच रुंद कपाळ, डाव्या भुवईत तोच भोवरा. आई रडत होती आणि तिचं तोंड कुरवाळत होती. सेन बोचकं हातात धरून अंगणात उभीच. तिला आत ये कुणी म्हणालं नाही. मी म्हणायला हवं होतं. मी टांगेवाल्याशी उगाच बोलत राहिलो. शेवटी मंगलानं तांब्या आणला आणि तिच्या पायांवर पाणी घातलं.

२८ जून

तिला मराठी येतं. दादानं शिकवलेलं, रंगूनच्या हिंदुस्थानीत कालवलेलं. आई, वन्सं, भाऊजी हे शब्द मात्र अगदी आपल्यासारखे म्हणते. दादानं कुठल्या आशेनं तिला हे शब्द शिकवले असतील, असं मनात येऊन गेलं.

आज सकाळी मोठा गोंधळ झाला. देवाच्या सहाणेवर चंदन उगाळून तिनं स्वतःच्या गालांना लावलं आणि तापीच्याही. त्यांच्याकडे बायका कसलं तरी खोड उगाळून असाच लेप लावतात म्हणे, उन्हाचा त्रास होत नाही. आई किंचाळली. "नवरा मेला आणि ही तोंड रंगवते! तेही देवाच्या सहाणेवर!" सेननं तिथल्या तिथं गाल धुतले. तापीचे मात्र आईनं तसेच राहू दिले. "लेकरू आहे," म्हणाली.

तिचा पेला वेगळा ठेवलाय, मोरीजवळच्या फळीवर. मी आईला म्हटलं, हे बरं दिसत नाही. आई म्हणाली, "तू तिच्या पेल्यातून पाणी पितोस का, मग मी फळी बदलते." मी विषय वाढवला नाही.

१६ जुलै

आज सातवीला भूगोलाचा 'मानवाचे वंश' हा धडा होता. हा धडा मी चांगला शिकवतो अशी माझी ख्याती आहे. फळ्यावर चार तोंडं काढतो. आर्य: उंच नाक, गौर वा निमगोरा वर्ण. मंगोल: पीत वर्ण, बसकं नाक, तिरपे डोळे. मग बाकीचे दोन. दर वर्षी मुलं एकमेकांच्या नाकांकडे बघून हसतात आणि मीही हसू देतो.

आज मंगोलाचं तोंड काढताना मागून कुजबूज झाली. रमेश नावाचा एक हुशार मुलगा उभा राहिला. "सर, तापी कुठल्या वंशातली?"

त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. मी त्याच्या हातावर छड्या मारल्या. पोरगा रडला नाही, नुसता बघत राहिला, आपलं काय चुकलं ते शोधत.

घरी येऊन आरशात पाहिलं. माझं नाक काही उंच नाही. आईचं तर चांगलंच बसकं आहे. इतकी वर्षं हे कधी लक्षात आलं नव्हतं.

१४ ऑगस्ट

शाळा बंद. पुढारी पकडल्यापासून गावात रोज मिरवणूक, रोज पोलीस. मुलं 'चले जाव' ओरडत चौकातून जातात.

मोतीलाल मास्तर घरी येऊन बसले. रेडिओवर जपानी सांगतात म्हणे, एशिया एशियावाल्यांचा, आपण सगळे एकाच घरचे. मग आत सेन भांडी घासताना दिसली तसे हसून म्हणाले, "मास्टर, तुम्हारे घर में तो एशिया आ ही गया." मीही हसलो. एशियाचा पेला मोरीजवळच्या फळीवर आहे, हे काही मी त्यांना सांगितलं नाही.

गल्लीत तिला आता जपानीण म्हणतात. जपान्यांपासून जीव वाचवून आलेल्या बाईला. पोलीस ठाण्यातून हवालदार आला होता. "ये चीनी है या जपानी?" मी सांगितलं, बर्मी आहे, माझ्या सख्ख्या भावाची विधवा आहे. त्यानं मान हलवली, चहा घेतला, गेला. हवालदारापुढं खरं बोलायला काहीच जड गेलं नाही. त्याच्या घरी आपल्याला मुलगी द्यायची नव्हती.

११ ऑक्टोबर

आईला हिवतापानं तीन आठवडे आडवं पाडलं. मंगलाही मधेच पडली. घर सगळं सेनवर होतं. आईचं अंगपुसणं, कपडे, स्वयंपाक, गल्लीतल्या कुंडीवरून पाणी भरणं. ताप चढला की आई "वामन, वामन" करायची आणि सेन "हो आई, आहे" म्हणायची. शुद्धीत आल्यावर आईनं मला विचारलं, "माझ्या तोंडाला पाणी कुणी लावलं?" मी सांगितलं. ती भिंतीकडे वळली. दुसऱ्या दिवशी पेला फळीवरून खाली आला.

नदीपलीकडच्या जैनाबादची भागाबाई होडीनं दूध घेऊन येते, तिची आणि सेनची गट्टी जमलीय. दोघी राजघाटावर बसून बोलतात. काय बोलतात देव जाणे. भागाबाईनं आज मला दारातच गाठलं. "मास्तर, तुमची भावजय लई गुनाची हाय. नाक बसकं असलं तं काय झालं, वास तं येतो ना तिले सगळा!" आणि आपल्याच बोलण्यावर खो खो हसली. मला ते गल्लीत मोठ्यानं बोललेलं आवडलं नाही.

२४ जानेवारी १९४३

आज मंगलाला पाहायला रावेरची मंडळी आली. यादवराव, निवृत्त पोस्टमास्तर, त्यांच्या पत्नी आणि मुलगा मधुकर. मुलगा भुसावळला रेल्वेत आहे. शांत, नीटस. मंगलाला साजेसा. अशी दोन स्थळं 'त्या बाईविषयी' ऐकून आधीच परत गेलीत.

काल रात्रीच आई म्हणाली होती, सेननं मागच्या खोलीतच राहावं. सेनला ते सांगावंही लागलं नाही. पण आईचे हात अजून थरथरतात आणि मंगलाला पाहुण्यांपुढं बसवलेलं, तेव्हा पोह्यांच्या बशा सेनलाच आणाव्या लागल्या. पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर. तोवर सगळं ठीक होतं. तेवढ्यात तापी अंगणातून धावत आली, उंबऱ्याला अडखळून पडली आणि "अमे, अमे" करत सेनच्या पायांना बिलगली.

"काय म्हणते हो पोर?" यादवरावांच्या पत्नीनं विचारलं.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग मी बोललो.

"आयेला, म्हणजे सांभाळणाऱ्या बाईला म्हणते. बर्मात आयेला अमे म्हणतात. माझे भाऊ आणि वहिनी दोघंही वाटेत वारले. या बाईनं पोरीला इथवर आणलं."

सगळं वाक्य कसं तयार केल्यासारखं तोंडातून बाहेर पडलं. सेनच्या हातातली बशी हललीसुद्धा नाही. तिनं बशी खाली ठेवली, तापीला उचललं, "माफ करना, बच्ची है," म्हणाली आणि आत गेली. यादवराव ती गेली त्या दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "इमानी बाई दिसते." आणि जरा थांबून, "पोहे छान झालेत."

स्थळ पक्कं झालं. आईनं देवापुढं साखर ठेवली. मी मावा जलेबी आणली, ती कुणी फारशी खाल्ली नाही.

संध्याकाळी मंगलानं मला विहिरीजवळ विचारलं, "दत्तूदादा, तुला दुसरं काही सुचलंच नाही?"

"तुझ्याचसाठी बोललो."

"मग ते माझ्या नावावर मांडू नकोस," म्हणाली आणि बादली उचलून गेली. लहान आहे. सासरी गेल्यावर समजेल.

३१ जानेवारी

सेन नेहमीसारखीच आहे. मला वाटलं होतं रडेल, रुसेल. काही नाही. कामात उलट जास्तच. मला आता बरंच निश्चिंत वाटतं.

एक लहानशी गोष्ट. ती मला आजकाल भाऊजीऐवजी मास्तर म्हणते. शाळेतली मुलं दारात येऊन हाका मारतात, त्यांचं ऐकून शिकली असेल. आईलाही 'माँजी' म्हणते.

तापीची भाषा झपाट्यानं सुधारतेय. 'अमे' हा शब्द गेला. आता सेनला 'बाई' म्हणते. आईला याचं फार कौतुक वाटलं. मी सेनला विचारलं, हे कुणी शिकवलं? "मीच," ती म्हणाली. "पाहुणे आले की चुकायला नको."

७ फेब्रुवारी

आज रविवार. सेन अंगणात गहू निवडत होती. मी सहज जवळ बसलो आणि विचारलं, दादा कसा गेला ते तू नीट कधी सांगितलंच नाहीस. ती म्हणाली, "कुणी विचारलं नाही." ते खरं आहे. वाटेत गेला एवढं कळलं होतं, पुढचं विचारायचं धाडस आमच्यात नव्हतं.

तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत जमेल तेवढं लिहितो.

"डोंगरात एक चौकी होती. तिथून दोन रस्ते. एक साहेबलोकांचा. तिथं झोपड्या, दूध, डॉक्टर. दुसरा काळ्या लोकांचा. तिथं काही नाही, चिखल फक्त, आणि मेलेली माणसं. गोरा साहेब माझ्याकडे बघून म्हणाला, तू बर्मी, तुझा बाप साहेब आहे काय? असेल तर इकडून जा. वाईट नव्हता तो. त्याला वाटत होतं मी हो म्हणावं. वामनला तेव्हा जुलाब लागले होते. माझ्या खांद्यावर होता. मराठीत म्हणाला, हो म्हण. सांग, हा माझा नोकर आहे. नोकराला येऊ देतात. मग तिघंही इकडून जाऊ."

गहू निवडता निवडता ती थांबली.

"मी नाही म्हटलं. मी साहेबाला म्हटलं, नोकर नाही, मेरा आदमी है. मैं भी काला. आमच्याकडे हिंदी माणसाला हिणवून 'कला' म्हणतात, मास्तर. माझी आई त्याला वर्षभर दारात बसवायची, आत घेत नव्हती. कला म्हणायची. मी आईशी भांडायची. मग तिथं चौकीवर मी त्याला नोकर कसं म्हणू? साहेबानं हात केला, जा मग तिकडून. चार दिवसांनी वामन गेला."

मी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"हो म्हटलं असतं तर तो जगला असता," ती म्हणाली. "एवढासा तर शब्द. तुम्हाला जमलं. मला जमलं नाही."

मग तिनं सूप उचललं आणि आत गेली. एवढ्या दिवसांनी ही हकीकत तिला आजच का सांगावीशी वाटली कळत नाही. मी विचारलं म्हणूनच असेल. एक मात्र, शेवटच्या तिच्या बोलण्यानं मला जरा हलकं वाटलं. म्हणजे त्या दिवशी माझी अडचण तिला कळली होती. तिच्या मनात काही नाही.

४ मे

लग्न रविवारी. घर पाहुण्यांनी भरायला लागलंय. आईचं म्हणणं, एवढ्या माणसांत कुणीतरी सेनला वहिनी म्हणून हाक मारणारच, तर तिनं चार दिवस जैनाबादला भागाबाईकडे राहावं. तापी इथंच राहील, नात म्हणून आईच्या मांडीवर तिला बसवायचंय. हे सेनला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी बरंच घोळवून सांगितलं. ती म्हणाली, "लग्न चांगलं होऊ दे." मंगलासाठी चोळीला तिनं भरतकाम करून ठेवलं होतं, लहान लहान पांढरी फुलं. ते माझ्या हातात दिलं.

मी तिला राजघाटापर्यंत पोचवायला गेलो. होडी पलीकडे लागेपर्यंत तिनं मागं पाहिलं नाही. मी उभा होतो.

९ मे

लग्न उत्तम झालं. मंगलानं ती चोळी घातली होती. कुणीतरी विचारलं, कुणी केलं हे काम? मंगला म्हणाली, "माझ्या वहिनीनं." सुदैवानं वाजंत्री सुरू होती.

वरात गेली तेव्हा मी त्यांना पोचवायला स्टेशनावर होतो. परत आलो तर आई परसदारी पायरीवर बसलेली. तापी नाही.

सेन येऊन गेली होती. मागच्या दारानं आली, आईच्या पाया पडली. म्हणाली, "लग्न झालं. आता मी जाते." तापी तिचं बोट धरून आधीच उभी होती. आईनं तापीचा दुसरा हात धरला. "पोर आमची आहे."

"हो," सेन म्हणाली. "आणि मी पोरीची."

मग आईनं हात सोडला. कसा सोडला ते तिला सांगता येत नाही. पुन्हा पुन्हा म्हणते, "मी धरला होता रे दत्तू, घट्ट धरला होता."

मी तसाच जैनाबादला गेलो. भागाबाई दारात उभी राहिली, मला आत ये म्हणाली नाही. "गेली ती. खंडव्याच्या दवाखान्यात बाया लागतेत रोग्याईसाठी, तिथं. मीच धाडली." मग म्हणाली, "तिनं तुमचं एक अक्षर वाईट नाई सांगितलं, मास्तर. म्हनूनच मले समजलं."

१५ मे

सकाळी उठल्यावर आई दोन पेले भरते आणि मग एक परत ओतते.

मास्तर हा शब्द ती शाळेतल्या मुलांचं ऐकून शिकली, असं मी मागं लिहिलंय. मुलं मला सर म्हणतात.

१६ ऑगस्ट

श्रावणासाठी मंगला आली. खूष आहे, अंगानं भरलीय. आई तिच्याभोवती फिरते. दुपारी आई लवंडल्यावर मंगला माझ्याजवळ बसली.

"मामंजींना माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"सेनवहिनीचं. पहिल्या दिवसापासून. लग्नानंतर मला विचारलं, तुझी वहिनी मांडवात दिसली नाही ती? मी तर गारच पडले. म्हणाले, मुलगी पडते तेव्हा कोणत्या बाईच्या पायांना मिठी मारते, एवढं पोस्टातल्या माणसालाही कळतं."

"मग बोलले का नाहीत?"

"मीही हेच विचारलं. म्हणाले, घरच्यांनीच आया म्हटल्यावर मी पाहुण्यानं वहिनी कसं म्हणायचं?"

मी आई झोपली होती तिकडे पाहिलं. मग विचारलं, "खरं सांगितलं असतं तर लग्न मोडलं असतं त्यांनी?"

"तेही विचारलं मी. म्हणाले, तेव्हा काय केलं असतं ते आज कसं सांगू? मोडलंही असतं. तुला बरं वाटावं म्हणून खोटं नाही बोलत." मंगला पदराचं टोक गुंडाळत राहिली. "पण दत्तूदादा, आपण त्यांना मोडायची संधीच दिली नाही. आधीच सगळं मोडून ठेवलं."

ती गेल्यावर मी फेब्रुवारीतलं पान काढून वाचलं. "तिच्या मनात काही नाही" असं तिथं माझ्याच अक्षरात आहे. "मला जरा हलकं वाटलं" असंही आहे. ते पान फाडावं असं वाटलं. फाडलं नाही. दादा स्वतःच्या तोंडानं नोकर व्हायला तयार होता आणि तिनं त्याला होऊ दिलं नाही, त्यात तो गेला, आणि ते ती मला गहू निवडता निवडता सांगत होती. मी शेजारी बसून ऐकत होतो. भूगोल शिकवणारा माणूस.

१९ सप्टेंबर

आज खंडव्याला जाऊन आलो. आईनंच धाडलं. "जा, घेऊन ये दोघींना," म्हणाली. "तिला सांग, आईनं बोलावलंय." डब्यात तापीसाठी लाडू दिले. गाडी वाटेत चांदनी स्टेशनावर बराच वेळ उभी राहिली, तेवढ्यात काय बोलायचं ते मनात चार वेळा जुळवलं.

दवाखाना मोठा आहे, आवारात कडुनिंब. सेन निळ्या काठाच्या लुगड्यात, बाह्या वर केलेल्या, एका म्हातारीला धरून चालवत होती. केस वाढलेत, अंबाडा घातलाय. मला पाहिल्यावर तिनं आधी म्हातारीला खाटेवर नीट बसवलं, मग बाहेर आली. तापी मागं धावत आली आणि मला बघून तिच्या पदराआड झाली. मी लाडू पुढं केले. तिनं आईकडे पाहिलं, सेननं मान हलवल्यावर घेतले.

गालांना दोघींच्याही चंदन लावलेलं होतं.

"वहिनी," मी म्हणालो. गाडीत जुळवलेलं सगळं निसटलं. "घरी चला. आईनं बोलावलंय."

"कोण म्हणून?"

"दादाची बायको म्हणून. माझी वहिनी म्हणून. मी सगळ्यांना सांगेन. गल्लीत, रावेरला, शाळेत, सगळीकडे."

ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत होती. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"इथंही मला बर्मीच म्हणतात, मास्तर," ती म्हणाली. "जपानीण म्हणतात. नवीन रोगी माझ्या हातचं पाणी घेत नाहीत, दोन दिवसांनी घेतात. तसं इथंही तेच आहे. पण तापीला कुणी विचारलं, आई कुठं, तर ती माझ्याकडे बोट दाखवते. मी तिला पुन्हा नाही शिकवणार दुसरं काही."

"आता शिकवावं लागणार नाही."

"तुम्ही खरं बोलता," ती म्हणाली. "आज खरं बोलता." आणि मग जरा थांबून, "आईंना हिवाळ्यात पुन्हा ताप येईल. छातीला तेल लावा, पाठीला नको. पाठीला लावलं की त्या रडतात."

मी ते लक्षात ठेवतो म्हणालो. दादाची आठवण काढावी असं वाटलं, पण कुठल्या तोंडानं काढावी ते समजेना. तापी एव्हाना धीट होऊन लाडू खात होती. कपाळ अगदी दादाचं.

तेवढ्यात एक वयस्क नर्सबाई व्हरांड्यातून आल्या. मला पाहून थबकल्या आणि सेनला विचारलं, "हे कोण गं तुझे?"

मी सेनकडे पाहिलं. तिनं तापीच्या हनुवटीवरचा लाडवाचा चुरा पुसला आणि सरळ, नेहमीच्या आवाजात सांगितलं,

"माझ्या नवऱ्याच्या गावचे आहेत. मास्तर आहेत तिथं."

नर्सबाई माझ्याकडे वळून हसल्या. कुठल्या शाळेत, म्हणून विचारलं. मी नमस्कार केला आणि शाळेचं नाव सांगितलं.